वहिवाट जुनी, सीमा नवी

सेंट लॉरेन्स नदीच्या पात्रात कॉर्नवॉल नावाचं एक बेट आहे. मोहॉक या आदिवासी समाजाचे लोक त्याला कावेनोके म्हणतात. बेटाच्या दक्षिणेचा पूल अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात उतरतो, उत्तरेचा पूल कॅनडातल्या कॉर्नवॉल शहरात. कागदोपत्री बेट कॅनडाचं. राहणारे मात्र मोहॉक, आणि त्यांच्या लेखी हे बेट, नदीचे काठ, दक्षिणेकडची वस्ती असं सगळं मिळून एकच गाव आहे : अक्वेसास्ने.

२००९ पर्यंत कॅनडाची सीमाचौकी या बेटावरच होती. त्या वर्षी चौकीवरच्या अधिकाऱ्यांना पिस्तुलं द्यायचं ठरलं. आमच्या घरांच्या शेजारी हत्यारं नकोत म्हणून गावाने विरोध केला, अधिकारी चौकी सोडून गेले, आणि पुढे चौकी उत्तरेच्या पुलापलीकडे शहरात हलवली गेली. त्यामुळे काय झालं ते बघा. बेटावर राहणारी एखादी बाई दक्षिण काठावरच्या बहिणीला भेटून घरी निघाली, तर पहिला पूल ओलांडला की तिचं घर येतं. पण तिने तिथे गाडी वळवायची नाही. घर मागे टाकून पुढे जायचं, दुसरा पूल ओलांडून शहरातल्या चौकीवर ‘मी कॅनडात आले’ अशी नोंद करायची, आणि मग त्याच पुलावरून उलट फिरून घरी यायचं. मागच्या सीटवर पोर झोपलेलं असो की गाडीत आजारी म्हातारी असो. नोंद न करता थेट घरी गेलं, तर गाडी जप्त. अशा कित्येक गाड्या जप्त झाल्या.

या गावाचा क्यूबेक प्रांतात मोडणारा भाग तर असा आहे, की तिथून कॅनडातच असलेल्या बेटावर गाडीने यायचं तरी वाटेत अमेरिका लागते. एकाच गावात दोन देश, कॅनडाच्या बाजूला दोन प्रांत, पलीकडे न्यूयॉर्क राज्य, आणि त्या प्रत्येकाचे कायदे. मोहॉक माणूस यातल्या एकाही रेषेसाठी जबाबदार नाही. १७८३ साली ब्रिटन आणि नवी अमेरिका यांनी तह करून हद्द ठरवली, तेव्हा त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

जगात अशी गावं, असे समाज पुष्कळ आहेत. राष्ट्रांच्या सीमा आखल्या गेल्या त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून जे तिथे राहत होते, त्यांना मी या लेखात आदिवासी म्हणतो आहे. त्यांनी सीमेपलीकडच्या नातेवाइकांकडे, देवस्थानाकडे, चराईच्या रानाकडे, मासेमारीच्या पाण्याकडे जायचं की नाही, आणि जायचं तर कुणाच्या परवानगीने, हा विषय आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकात फार किचकट करून सांगितलेला असतो. पण त्याच्या मुळाशी दोन साधे शब्द आहेत : सवलत आणि हक्क. सवलत देणारा देतो आणि त्याला वाटलं की काढून घेतो. हक्क कुणी दिलेला नसतो, तो फक्त मान्य करायचा असतो. आपल्या भाषेत याला एक नेमका शब्द आहे, वहिवाट. जमीन कुणाच्याही नावावर होवो, पिढ्यान् पिढ्या तिच्यावरून जाणारी वाट नव्या मालकाला बंद करता येत नाही, असा त्याचा अर्थ. सीमेने कापलेल्या आदिवासींचं म्हणणं एवढंच आहे, की आमची ये-जा ही वहिवाट आहे. सरकारं बहुतेक वेळा तिला सवलत समजून वागतात. सगळा झगडा या दोन शब्दांमधला आहे.

या झगड्यातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा कागद म्हणजे १७९४ चा जे तह. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात तो लंडनमध्ये झाला, अमेरिकेच्या वतीने जॉन जे यांनी त्यावर सही केली म्हणून त्याला हे नाव. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलं आहे की सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या इंडियन, म्हणजे तिथल्या आदिवासी लोकांना जमिनीवरून आणि नद्या-तलावांवरून मोकळेपणी ये-जा करता येईल, आणि त्यांनी बरोबर आणलेल्या स्वतःच्या सामानावर जकात लागणार नाही. फक्त गठ्ठे बांधून आणलेला व्यापारी माल यातून वगळला होता. १८१२ साली दोन्ही देशांत युद्ध पेटलं. ते संपवणाऱ्या १८१४ च्या घेंटच्या तहात आदिवासींचे युद्धापूर्वीचे हक्क परत देण्याचं कबूल केलं गेलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तह झाला तो दोन सत्तांमध्ये. ज्यांच्या ये-जा करण्याबद्दल तो बोलतो, ते त्या कागदावर सही करणारे नव्हते. म्हणून हौडेनोसौनी, म्हणजे मोहॉक ज्यात येतात तो सहा राष्ट्रांचा संघ, असं मानतो की जे तहाने आम्हाला काही दिलं नाही, आधीपासून होतं त्याला तुम्ही दोघांनी मान डोलावली इतकंच. मला हा मुद्दा बिनतोड वाटतो. वाट चालत असलेल्याला ‘तू चालू शकतोस’ असं लिहून दिल्याने वाट जन्माला येत नाही.

पुढची सव्वाशे वर्षं बऱ्यापैकी निभावली, कारण सीमेवर फारसं कुणी अडवत नव्हतं. मग १९२४ साली अमेरिकेने परदेशी लोकांच्या येण्यावर कडक निर्बंध घालणारा कायदा केला आणि त्याच्या कचाट्यात पॉल डायबो सापडले. डायबो हे माँट्रियलजवळच्या काहनावाके या वस्तीतले मोहॉक. उंच लोखंडी सांगाड्यांवर काम करणारे कारागीर म्हणून मोहॉकांचा मोठा लौकिक होता. फिलाडेल्फियात डेलावेअर नदीवरच्या पुलाचं काम चालू होतं, तिथे ते कामाला होते. बेकायदा घुसलेला परदेशी म्हणून त्यांना अटक झाली. ते कोर्टात गेले. १९२७ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला तो आजही वाचण्यासारखा आहे. त्याचा आशय असा : ही सीमा अमेरिका आणि ब्रिटन यांच्या मुलखांच्या वाटणीसाठी होती, इंडियनांना अडवायला नव्हती. वरच्या कोर्टानेही १९२८ मध्ये हाच निकाल कायम ठेवला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने कायदा करून कॅनडात जन्मलेल्या इंडियनांचा सीमा ओलांडण्याचा हक्क लिहून टाकला. त्या विजयासाठी झटणाऱ्यांत टस्कारोरा जमातीचे क्लिंटन रिकार्ड होते. त्यांनी सुरू केलेली पुलावरून मिरवणुकीने सीमा ओलांडण्याची प्रथा नायगारा धबधब्यापाशी दर जुलैत अजून चालू आहे.

पण १९५२ साली अमेरिकेचा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा नव्याने लिहिला गेला, तेव्हा त्यात एक अट घुसली. हा हक्क कुणाला? तर ज्याच्या अंगात किमान ५० टक्के इंडियन रक्त आहे त्याला. माणूस त्या समाजाचा आहे की नाही हे त्याची भाषा, त्याचं कूळ, त्याला समाजाने आपलं म्हटलं आहे की नाही यावरून ठरायचं सोडून रक्ताच्या टक्क्यावर आलं. ज्याला हा हक्क वापरायचा आहे त्याला आजही आपल्या वंशाचा हिशेब मांडणारं पत्र जमातीच्या कचेरीतून आणावं लागतं. आजीला होता, आईला होता, लेकीला नाही, असं एकाच घरात घडतं, कारण मधल्या कुणीतरी जमातीबाहेर लग्न केलेलं असतं. अट काढली नाही, तर काही पिढ्यांत हक्क कायद्यात राहील आणि तो वापरणारा माणूसच उरणार नाही.

हे झालं अमेरिकेच्या बाजूचं. तहावर दुसरी सही ब्रिटनची होती, म्हणजे पुढे कॅनडाची जबाबदारी. तिथे गोष्ट अगदी उलट गेली. अक्वेसास्नेचे लुई फ्रान्सिस यांनी अमेरिकेतून कपडे धुण्याचं यंत्र, फ्रीज आणि तेलावर चालणारा हीटर आणला. तिन्ही घरच्या वापराच्या वस्तू. जकातीचे १२३ डॉलर ६६ सेंट त्यांनी भरले आणि ते परत मागण्यासाठी कोर्टात गेले. १९५६ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जे तह राबवणारा कायदा कॅनडाच्या संसदेने कधी केलाच नाही, त्यामुळे तो इथे लागू होत नाही. म्हणजे एकाच तहातला ये-जा करण्याचा हक्क नदीच्या दक्षिण काठावर कायद्यात आला आणि उत्तर काठावर आलाच नाही.

डिसेंबर १९६८ मध्ये मोहॉकांनी आंतरराष्ट्रीय पुलाचा रस्ता गाड्या आडव्या लावून रोखला. कडाक्याची थंडी, अटका झाल्या. त्या आंदोलनात पुढे असलेला एक तरुण, माइक मिचेल, नंतर अक्वेसास्नेचा मुख्य प्रमुख झाला. १९८८ साली मिचेल पुन्हा त्या पुलावर आले, या वेळी ठरवून. गाडीत पांघरुणं, बायबलच्या प्रती, कपडे, खाण्याचे जिन्नस, इंजिन ऑइल आणि पुन्हा एक कपडे धुण्याचं यंत्र. यातलं बरंचसं पलीकडच्या एका मोहॉक वस्तीला भेट द्यायचं होतं. त्यांनी सगळा माल जाहीर केला आणि जकात देणार नाही असंही जाहीर केलं. खटला तेरा वर्षं चालला. खालच्या कोर्टात ते जिंकले, पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. कारण काय दिलं? युरोपीय लोक येण्यापूर्वी मोहॉक लोक या नदीच्या उत्तरेकडे नियमित व्यापार करत होते याचा पुरेसा पुरावा नाही. ज्या समाजाचा इतिहास तोंडी आणि विणलेल्या शिंपल्यांच्या पट्ट्यांतून जपला गेला, त्याच्याकडे चारशे वर्षांपूर्वीच्या व्यापाराचा पुरावा मागितला गेला. वहिवाट सिद्ध करण्याचं ओझं वाट चालणाऱ्यावर, आणि वाटेत गेट लावणाऱ्याला काहीच सिद्ध करायचं नाही.

उत्तर अमेरिकेबाहेरचं आणि जे तहाहूनही जुनं एक उदाहरण रेनडिअरांचं आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पावर पसरलेल्या आपल्या मुलखाला सामी लोक साप्मी म्हणतात. रेनडिअर हिवाळा आतल्या जंगलात काढतात, कारण तिथे बर्फ उकरलं की खाली दगडफूल मिळतं. वसंतात गाभण माद्या किनाऱ्याकडच्या डोंगरांची ओढ घेतात. ही वाट जनावरांनी ठरवली आहे, माणूस तिच्या मागून चालतो. १७५१ साली डेन्मार्क-नॉर्वे आणि स्वीडन यांनी सीमा आखली तेव्हा दोन्ही राजांना हे कळत होतं, की कळपांना थांबवलं तर सामी समाज संपेल. म्हणून सीमेच्या तहाला त्यांनी ३० कलमांची एक पुरवणी जोडली. सामींनी जुन्या रिवाजाप्रमाणे कळप घेऊन सीमा ओलांडावी, कर एकाच राजाला द्यावा, आणि दोन देशांत युद्ध सुरू असलं तरी ही वाट बंद होऊ नये, असं तिच्यात लिहिलं आहे. त्या शतकातल्या राजांनी लिहिलेली ही गोष्ट आजच्या कित्येक सरकारांच्या पुढची आहे. अशी तरतूद आज कुठल्या तहात आली तर मी तिचं मनापासून स्वागत करेन.

ही पुरवणी औपचारिकपणे कधी रद्द झालेली नाही. ती फक्त झिजवली गेली. फिनलंडवर राज्य करणाऱ्या रशियाने १८५२ मध्ये नॉर्वेकडची वाट बंद केली, १८८९ मध्ये स्वीडनकडची. अडकलेली कुटुंबं वाट मोकळी असलेल्या देशात नोंद करून बघत होती, पण मग तीही वाट बंद व्हायची. १९१९ मध्ये स्वीडन आणि नॉर्वेने करार करून सीमेपलीकडे चरायला जाणाऱ्या रेनडिअरांची संख्या कमी केली. त्यामुळे स्वीडनच्या अगदी उत्तरेतल्या कळपांना जागा पुरेना आणि तिथल्या सामी कुटुंबांना सरकारने शेकडो किलोमीटर दक्षिणेला हलवलं. तिथे आधीपासून दुसरे सामी होते, त्यांची बोली आणि कळप राखायची पद्धत वेगळी. एका सीमेच्या करारातून दोन समाजांत पिढ्यान् पिढ्या चालणारं भांडण निर्माण झालं, आणि ज्यांनी करार केला ते त्यात कुठेच नव्हते.

इतकं होऊनही वहिवाट हा शब्द कोर्टात टिकला. स्वीडनच्या बाजूच्या सारिवुओमा या सामी गावाने नॉर्वेतल्या ट्रोम्स भागात चराईचा आपला हक्क आहे असा दावा लावला. २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. आधार होता पिढ्यान् पिढ्यांच्या वापराचा. परक्या देशातलं गाव, परक्या देशाची जनावरं, आणि तरी नॉर्वेतल्या कुरणावर हक्क, कारण तो हक्क नॉर्वेच्या कायद्याने दिलेला नाही. कायदा फक्त त्याच्यानंतर आला.

सरकारांनी समजून-उमजून केलेला एक चांगला करार ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यात आहे. टोरेस सामुद्रधुनीत ऑस्ट्रेलियाचं साइबाई बेट पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यापासून जेमतेम चार किलोमीटरवर आहे, बोटीने काही मिनिटं. १९७८ साली सह्या झालेल्या आणि १९८५ मध्ये लागू झालेल्या तहात एक संरक्षित पट्टा ठरवला आहे. त्यात बेटांवरचे आणि ठरलेल्या १३ किनारी गावांमधले परंपरागत रहिवासी पासपोर्ट-व्हिसाशिवाय ये-जा करतात. मासेमारी, बागायत, शिकार, लग्नं, धार्मिक कार्यं आणि वस्तूंची पारंपरिक देवाणघेवाण यासाठी जायला मुभा आहे. यजमान गावाला आधी कळवायचं आणि आपल्या गावच्या प्रतिनिधीची चिठ्ठी बरोबर ठेवायची, ही त्यातली पद्धत मला विशेष आवडते. परवानगी दिल्लीसारख्या दूरच्या राजधानीतून येत नाही, ज्याच्या दारी जायचं त्याच्याकडून येते. जगाची रीतच तशी असते.

याही कराराला मर्यादा आहेत. यादीतलं गाव आणि यादीबाहेरचं शेजारचं गाव यांच्यात सोयरिक असली तरी एकाला मुभा, दुसऱ्याला नाही. पैशाचा व्यापार ‘परंपरागत’ नाही, नोकरी नाही, दवाखाना नाही. परंपरागत या शब्दाचा हाच तोटा आहे. तो माणसाला आजोबांनी केलं तेवढंच करायला मोकळीक देतो. मिचेल यांच्या खटल्यातही युरोपीय लोक येण्यापूर्वीच्या व्यापाराचाच पुरावा मागितला गेला. हक्क जुना आहे म्हणून तो वापरणाऱ्यानेही जुन्या काळातच राहावं, अशी अट दुसऱ्या कुठल्या नागरिकाला आपण घालत नाही.

भारताची म्यानमारशी १६४३ किलोमीटरची सीमा आहे आणि तिथे नेमकी हीच परीक्षा चालू आहे. नागा, मिझो, कुकी, चिन या समाजांच्या डोंगरांतून ही रेषा जाते. तिची सुरुवात १८२६ च्या यांदाबोच्या तहातून होते, जो ब्रिटिश आणि ब्रह्मदेशचा राजा यांच्यातला होता. नागालँडच्या मोन जिल्ह्यातल्या लोंग्वा गावात कोन्याक नागांचा राजा, ज्याला ते आंग म्हणतात, त्याच्या घरातूनच सीमा जाते. घराचा एक भाग भारतात, दुसरा म्यानमारमध्ये, आणि आंगचा मान दोन्हीकडच्या गावांत.

स्वातंत्र्यानंतर भारताने इथल्या डोंगरी लोकांना पासपोर्ट-व्हिसाशिवाय पलीकडे जायची मुभा ठेवली. आता आकडे बघा. १९६८ च्या नियमांत ती सीमेपासून ४० किलोमीटरपर्यंत होती. २००४ मध्ये १६ वर आली. २०१८ मध्ये दोन्ही देशांनी करार करून तिला रीतसर रूप दिलं, सीमापास घेऊन एका वेळी दोन आठवड्यांपर्यंत राहता येत होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने ही व्यवस्था रद्द करण्याचं जाहीर केलं. अंतर्गत सुरक्षा आणि सीमाभागातल्या लोकसंख्येतला बदल ही कारणं दिली. मिझोरम आणि नागालँडच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. डिसेंबर २०२४ मध्ये नवी पद्धत आली : १० किलोमीटर, ठरलेल्या जागांवरूनच प्रवेश, पास आणि सात दिवस. एका पिढीच्या हयातीत चाळीसाचे दहा झाले. सवलत कशी असते, हे याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही. आणि १० किलोमीटरचा आकडा काढताना मामाचं गाव अकराव्या किलोमीटरवर आहे का हे कुणी मोजलेलं नसतं.

सुरक्षेचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. भारत-म्यानमार सीमेवरून हत्यारं आणि अमली पदार्थ येतात. म्यानमारमध्ये २०२१ पासून लष्करी राजवटीविरुद्ध युद्ध पेटलेलं आहे. अमेरिका-मेक्सिको सीमेवर टोहोनो ओओधाम जमातीच्या जमिनीतून टोळ्यांनी मादक पदार्थ नेले आहेत, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास खुद्द ओओधाम लोकांनाच झाला. प्रश्न असा आहे की चोराला पकडण्यासाठी घरमालकाचं दार बंद करायचं का. सीमेवरचं जंगल, ओढे, अनोळखी चेहरा लगेच ओळखणारा माणूस तिथलाच असतो. त्याला सीमेने तोडलं, की तो सीमेचा राखणदार राहत नाही, तिचा बळी होतो.

ओओधामांचं थोडं सांगतो, कारण तिथे माणसांच्या ये-जा इतकाच सामानाचा आणि पावित्र्याचा प्रश्न आहे. १८५३ च्या गॅड्सडेन खरेदीने अमेरिकेने मेक्सिकोकडून जमिनीचा पट्टा विकत घेतला आणि ओओधामांचं वाळवंट मधोमध कापलं गेलं. आज त्यांच्या राखीव जमिनीला सुमारे १०० किलोमीटर आंतरराष्ट्रीय सीमा लागून आहे आणि मेक्सिकोच्या बाजूलाही जमातीचे लोक राहतात. ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोतल्या मॅग्दालेनाची यात्रा असते, कित्येक जण पायी जातात. तरुण पुरुष कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत मिठासाठी तीर्थयात्रा करत आले आहेत. पूर्वी सीमेवर गुरांचं कुंपण आणि एक फाटक होतं. मग पहारा वाढला. पूजेसाठी नेलेली वाळलेली झुडपं, पिसं, हरणाचं मांस ही तपासनिसाच्या नजरेत बंदी असलेली वस्तू. विधीची पोटली फक्त विशिष्ट माणसाने, विशिष्ट वेळी उघडायची असते. चौकीवर ती टेबलावर उघडली जाते, उलटी केली जाते, तेव्हा जकात शून्य लागली तरी पोटली विधीच्या कामाची राहत नाही. शिवाय घरी, वाळवंटात जन्मलेल्या कित्येक वृद्धांकडे कुठल्याच देशाचा जन्मदाखला नव्हता. जमातीच्या सदस्यत्वाचा कागद हाच नागरिकत्वाचा पुरावा मानावा अशी विधेयकं अमेरिकेच्या संसदेत आली, पण मंजूर झाली नाहीत. टेक्सासमधल्या किकापू जमातीला मात्र १९८३ च्या कायद्याने मेक्सिकोत मोकळी ये-जा करण्याचा हक्क मिळाला. म्हणजे मनात आणलं तर करता येतं.

आता संयुक्त राष्ट्रांकडे येऊ, कारण वाचणाऱ्याच्या मनात हा प्रश्न आलाच असेल की जागतिक कायदा काय म्हणतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८९ च्या १६९ क्रमांकाच्या कराराचं ३२ वं कलम सरकारांना सांगतं की सीमेपलीकडच्या आदिवासींशी संपर्क सोपा व्हावा म्हणून उपाय करा, दुसऱ्या देशांशी करार करा. हा करार बंधनकारक आहे, पण सही करणारे देश मोजके आहेत. अमेरिका, कॅनडा आणि भारत त्यात नाहीत. दुसरा कागद म्हणजे १३ सप्टेंबर २००७ चा आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा. १४४ देशांनी बाजूने मत दिलं, त्यात भारत होता. विरोधात चार : अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. चौघांनीही नंतर भूमिका बदलली. जाहीरनाम्याचं ३६ वं कलम म्हणतं की सीमांनी विभागलेल्या समाजांना पलीकडच्या आपल्या माणसांशी धार्मिक, सांस्कृतिक, राजकीय, आर्थिक आणि सामाजिक संबंध ठेवण्याचा हक्क आहे, आणि तो वापरता यावा म्हणून राष्ट्रांनी प्रत्यक्ष पावलं उचलावीत.

शब्द चांगले आहेत. पण दोन गोष्टी निसटतात. कलम ‘संबंध ठेवण्याचा’ हक्क देतं, ‘कागदाशिवाय ओलांडण्याचा’ हक्क असं स्पष्ट म्हणत नाही, त्यामुळे सरकार म्हणू शकतं की व्हिसा काढा आणि खुशाल संबंध ठेवा. आणि जाहीरनामा हा कायदा नाही, कुणाही देशाला नुसत्या त्यावरून कोर्टात खेचता येत नाही. शिवाय भारताची भूमिका अशी राहिली आहे की इथले सगळेच मूळचे रहिवासी आहेत, त्यामुळे ‘मूळ रहिवासी’ कोण हा वाद मिटण्याआधीच कलम बाजूला पडतं. तरीही या कलमामागचा विचार कधीकधी प्रत्यक्षात उतरतो. २०२२ मध्ये कॅनडा आणि डेन्मार्क यांनी ग्रीनलंडजवळच्या हान्स या ओसाड बेटावरचा जुना वाद मिटवून बेट वाटून घेतलं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या इनुइट आदिवासींना तिथे मोकळं फिरता आणि शिकार करता येईल हे त्या समझोत्यातच घातलं. इनुइट त्या बेटाला तार्तुपालुक म्हणतात आणि शिकारीला तिथे फार पूर्वीपासून जात आले आहेत. नवी रेषा ओढताना वहिवाट आधी विचारात घेतली गेली, अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

शेवटचं उदाहरण मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात कोलंबिया नदीच्या वरच्या खोऱ्यात सिनिक्स्ट लोक राहत असत. अनेक कारणांनी ते हळूहळू सीमेच्या दक्षिणेला, आजच्या वॉशिंग्टन राज्यात, आपल्याच मुलखाच्या खालच्या भागात येऊन राहिले. १९५६ मध्ये कॅनडा सरकारने उत्तरेकडची त्यांची नोंदलेली जमात ‘नामशेष’ झाल्याचं जाहीर केलं. माणसं जिवंत होती, सीमेपलीकडे. पण कागदावर संपली.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये रिक डेसॉटेल नावाचा अमेरिकेत राहणारा सिनिक्स्ट माणूस सीमा ओलांडून त्या खोऱ्यात गेला आणि त्याने एका एल्क हरणीची शिकार केली. मग स्वतःच वन्यजीव अधिकाऱ्यांना कळवलं. परवान्याविना शिकार आणि प्रांताचा रहिवासी नसताना शिकार, असे गुन्हे दाखल झाले. त्याने बचाव एकच केला : मी माझ्या पूर्वजांच्या रानात शिकार करत होतो. चार कोर्टांतून खटला गेला, चारही ठिकाणी तो जिंकला. एप्रिल २०२१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की ‘कॅनडाचे आदिवासी’ या राज्यघटनेतल्या शब्दांत आज कॅनडाबाहेर राहणारा समाजही येऊ शकतो, युरोपीय लोक आले तेव्हा इथे राहणाऱ्यांचा तो वारस असेल तर. नामशेष ठरवलेली जमात कोर्टाच्या निकालाने पुन्हा जिवंत झाली. निकालाच्या दिवशी सिनिक्स्ट लोकांनी काय अनुभवलं असेल याचा विचार केला की मला भरून येतं.

पण त्याच निकालात न्यायालयाने एका प्रश्नाला हात लावला नाही. त्या रानात शिकार करण्याचा हक्क डेसॉटेलला आहे. त्या रानापर्यंत जाण्यासाठी सीमा ओलांडण्याचा हक्क त्याला आहे का, हा मुद्दा या खटल्यात ठरवण्याची गरज नाही, असं न्यायमूर्तींनी लिहिलं आणि तो पुढच्या कुणासाठी तरी सोडून दिला.